परराज्याचा शौकीन

केरबा गेल्याची बातमी मला मानवतच्या मोटारस्टँडवर कळली. राणीसावरगावचे एक ओळखीचे गृहस्थ एसटीतून उतरले, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा केरबा गेला. चार दिस ताप आला होता, बस." मग त्यांनी परभणीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मी वेळ सांगितली, वर फलाटही दाखवला... अशा वेळी माणूस काय करील याचा नेम नसतो.

राणीसावरगावच्या शाळेवर मी आठ-नऊ वर्षं होतो. चैत्रातल्या जत्रेत तिथं माळावर शोभेच्या दारूचा सामना होत असे. एका बाजूला निजामाच्या राज्यातला कारागीर, दुसऱ्या बाजूला वऱ्हाडातला, म्हणजे इंग्रजी मुलखातला. पुढं इंग्रज गेला, पोलीस अॅक्शन होऊन निजामाचा अंमलही गेला, पण हैदराबाद हे राज्य म्हणून उरलं होतं आणि वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, त्यामुळे 'दोन राज्यांचा सामना' हे नाव कुणी बदललं नाही. मधे दोन वर्षं तो बंद पडला, कारण बंदुकीची दारू आणि शोभेची दारू यांतला फरक नव्या अंमलदारांना पटेना. तो पटवायला परभणीच्या कचेरीत खेटे घातले ते केरबानं. चार एकर कोरडवाहू आणि तीसेक शेळ्या-मेंढ्या, एवढाच त्याचा पसारा. बाणांच्या आवाजाला मेंढरं बुजतात, म्हणून जत्रेच्या दिवशी त्याची बायको सखूबाई कळप घेऊन दोन कोस लांब जाई. हौस याची आणि पायपीट तिची. "बाकी वरीसभर मानूस लय चांगला हाय," असं ती म्हणे.

आपल्या, म्हणजे निजामाच्या बाजूचे कारागीर होते निजामाबादकडचे हुसेनभाई. या कामात निळा रंग साधणं सगळ्यांत अवघड, बहुतेकांचा तो पांढुरकाच उठतो. हुसेनभाईंचा निळा मात्र अस्सल, आणि त्या निळ्यासाठी केरबा लहानपणापासून जीव टाकी. मला गावानं पंच केलं होतं. दारूकामातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण तोच माझा निःपक्षपातीपणा असं ठरलं. सामन्याची एक रीत होती. हरलेल्या बाजूच्या सगळ्यांत जुन्या शौकिनानं जिंकलेल्या कारागिराला आपल्या हातानं फेटा बांधायचा. तो बांधला नाही तर हार मानली नाही असा अर्थ, आणि मग हरलेल्या कारागिराला पुन्हा बोलावणं नाही. वऱ्हाडी जिंकला की केरबा कडू तोंडानं फेटा बांधी, पण चांगला बांधी.

छपन्न साली राज्यं मोडली. मराठवाडा आणि वऱ्हाड एका राज्यात आले, निजामाबाद आंध्रात गेलं. पुढच्या चैत्रात ज्या वऱ्हाड्याची टर उडवायची तो घरचा झाला आणि हुसेनभाई परके. गावानं तासाभरात टाळ्या बदलल्या. केरबाला ते जमेना. "मास्तर," तो मला म्हणाला, "सरकारनं रेघ सरकवली. मी कशापाय सरकू?"

त्या वर्षी हुसेनभाईंची दोन चक्रं पेटलीच नाहीत. मी वऱ्हाड्याच्या बाजूनं निकाल दिला, आणि तो बरोबरच होता. डफवाल्यानं पुकारलं, हरलेल्या बाजूनं फेटा घेऊन यावं. गावकरी देवळाच्या अंगाला बसत, पाहुणे ओढ्याच्या अंगाला. ओढ्याच्या अंगाला त्या वर्षी एक कुत्रं तेवढं होतं. आंध्रातून बघायला कोण येणार? डफवाल्यानं पुन्हा पुकारलं. हुसेनभाई रिकामी टोपली घेऊन मान खाली घालून उभे होते. केरबा उठला. भावानं त्याचं धोतर धरलं. "खाली बस. गावाचं नाक कापायलास का?"

"मी त्यायचा शौकीन हाय," केरबा म्हणाला. "मुलूख कुठला का असंना."

तो तडक फेट्याकडं गेला नाही. आधी सगळा माळ ओलांडून ओढ्यापर्यंत गेला, तिकडं घटकाभर बसला आणि तिकडून उठून आला, म्हणजे रीत मोडायला नको. मग त्यानं वऱ्हाड्याला फेटा बांधला. मला तेव्हा त्याचा राग आला होता, हे लिहून टाकतो. वाटलं, काय हे नाटक... पण हुसेनभाईंना पुढच्या वर्षी बोलावणं गेलं. गाव केरबाला म्हणालं, तिकडं गेलास तर आता तिकडंच बस. त्याचं नाव 'आंध्रवाला' पडलं. चार जत्रा तो ओढ्याच्या अंगाला एकटा बसला. माझी बदली झाली तरी पंच म्हणून मी जातच होतो, आणि मधे माळभर अंतर ठेवून आम्ही एकमेकांना हात करत होतो.

पंधरवड्यापूर्वी सखूबाईला भेटायला गेलो, तर ओसरीवर हुसेनभाई बसलेले. बातमी कळायला त्यांना उशीर झाला होता. जरा वेळानं त्यांनी मला विचारलं, "केरबा किधर बैठते थे, मास्तर?" आम्ही दोघं माळावर गेलो. दिवस कलला होता. मी जागा दाखवली. ते मांडी घालून बसले, वर बघितलं, मग चिमूटभर माती उचलून हवेत सोडली. ती त्यांच्याच तोंडावर आली.

"हवा तो इधरकीच है," ते म्हणाले. "पूरा धुआँ इधर आता, मास्तर. उनकू कुच नै दिखा होंगा."

खरंच होतं. चैत्र-वैशाखात तिथं रोज संध्याकाळी माळावरून ओढ्याकडं मावळतीचं वारं सुटतं, आणि गावानं पाहुण्यांना ती जागा उगाच दिलेली नव्हती. चारही वर्षं सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, माझी मोटार येईपर्यंत, केरबा शेजारी बसून एकच विचारी, "मास्तर, यंदा निळा कसा उठला?" पंचाची परीक्षा घेतोय असं मी धरून चाललो होतो. दरवेळी म्हणालो, "बरा होता." एवढंच.