नंदाच्या वाट्याची विमानफेरी

नरेंद्र उकिडवे सुट्टीची आखणी करायला बसला की घरात कुणी मध्ये बोलायचं नसे. ८४ सालच्या जानेवारीत अमेरिकेतल्या कॅरी गावच्या त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर अलास्काची माहितीपत्रकं पसरलेली होती, आणि त्याने निम्म्याहून जास्त गोष्टींवर आधीच पेनाने खुणा केल्या होत्या. कुत्र्यांची घसरगाडी लेकीसाठी, दीपासाठी. गरम पाण्याचे झरे त्याच्या स्वतःच्या गुडघ्यासाठी. बर्फावरची मोटारसायकल कशासाठी, तर ऑफिसातला सोबती गेल्या वर्षी तिच्यावर बसून आला होता म्हणून. सगळं झाल्यावर त्याने उदारपणे बायकोला म्हटलं, "तू पण सांग काहीतरी."

नंदाने एका कोपऱ्यातल्या छोट्या चित्रावर बोट ठेवलं. लहानसं विमान फेअरबँक्सहून उत्तरेला जाई, आर्क्टिक वृत्त ओलांडून पलीकडच्या एका खेड्यात उतरवी आणि तासाभराने परत आणी. बघण्यासारखं तिथे काही नाही, असं त्या पत्रकातच जवळजवळ कबूल केलेलं होतं. नरेंद्रने भुवया उंचावल्या. पण बाईने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, त्याला नाही म्हणवेना.

का मागितलं, हे त्याने विचारलं नाही, म्हणून आपण सांगू. लग्नाआधी नंदा मिरजेच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून त्यावर लाल खडूने हे वृत्त ती इतक्यांदा ओढायची की बोटं लाल होत. एकवीस मार्चला तिथे भर दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दुपटीहून लांब पडते, हे ती वर्गात छातीठोकपणे सांगे. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलंय?" वर्ग हसला, बाईही हसल्या. पुढे अमेरिकेत त्या पदवीला कुणी विचारलं नाही. कॅरीजवळच्या कापडाच्या दुकानात ती आता कापड वाराने मोजून कात्रीने कापून देत होती, आणि भूगोल म्हणजे काय ते दीपाच्या गृहपाठापुरतं उरलं होतं. म्हणून तिने फेरी मागितली आणि तारीखही एकवीस मार्चचीच मागितली. ती सावली तिला डोळ्यांनी बघायची होती, बाकी काही नको होतं.

मार्चमध्ये तिघं फेअरबँक्सला पोचले. कुत्र्यांच्या गाडीत दीपा बसली, झऱ्यात नरेंद्र डुंबला, नंदा काठावर टॉवेल धरून उभी राहिली. तिची तक्रार नव्हती. तिचा दिवस यायचा होता.

एकवीस तारखेला सकाळी ते धावपट्टीवर गेले तेव्हा वैमानिकाने, चांगल्या स्वभावाच्या थोराड गृहस्थाने, ओशाळून सांगितलं की खेड्यासाठी औषधांची तातडीची खोकी न्यायची आहेत, वजन वाढलंय, तुमच्यापैकी दोघांनाच नेता येईल. दीपा गळ्यात वॉकमन अडकवून केव्हाच मागच्या सीटवर चढून बसली होती. उरली एक जागा. वैमानिकाने नंदाकडे वळून अदबीने विचारलं, येताय का तुम्ही?

आता आपल्याकडे काय होतं? लाडू पुढे आला तरी पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा पोट भरलं म्हणायचं, तिसऱ्या आग्रहाला घ्यायचा. एकदाच विचारल्यावर हात पुढे करणाऱ्याला हावरट म्हणतात. नंदाच्या हाडीमासी खिळलेलं ते वळण. सगळं अंग त्या विमानाकडे ओढ घेत असताना तोंडातून आपोआप निघालं, "नो नो, लेट हिम गो." आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. अगं, तुझीच तर ही फेरी, तू जा, एवढंच त्याने म्हणायचं होतं.

वैमानिक बिचारा अमेरिकन. त्याने नो ऐकलं आणि हेडफोन नरेंद्रच्या हातात दिला. त्याचा काय दोष. नरेंद्र मात्र तिच्याच गावचा, तिच्याच पंगतीत जेवलेला. तो तिच्याकडे न बघता पायरी चढला.

नंदाने त्या पत्र्याच्या शेडमध्ये हीटरजवळ दुपार काढली. बारा वाजता बाहेर येऊन ती बर्फात उभी राहिली. तिची सावली लांबच पडली होती, पण वृत्ताच्या अलीकडची. ती रडली, आणि थंडीने गालावर ओल टोचायला लागली तशी आत गेली.

संध्याकाळी मोटेलच्या खोलीत तिने बरोबर आणलेल्या कुकरमध्ये भात लावला. नरेंद्र खुशीत होता. म्हणाला, काही नाही गं तिथे, नुसता बर्फ आणि चार घरं, तू उगाच कंटाळली असतीस.

"सावली केवढी पडली होती?" तिने विचारलं.

"कुणाची?"

नंदाने कुकरचं झाकण काढलं. मग दीपाकडे पाठ करून हळूच म्हणाली, "मी नको म्हटलं ते वरवरचं होतं. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की," नरेंद्र हसत म्हणाला. "म्हणून तर पटकन चढलो. आणखी एकदा विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस." आणि त्याने भातासाठी ताट पुढे केलं.

दीपा पलंगावरून म्हणाली, "मॉम, यू सेड नो. आय हर्ड यू."

नंदाने दोघांना वाढलं. अजून हवा का, असं तिने कुणालाच विचारलं नाही.