चौथ्या प्रश्नाचं उत्तर

"म्हणजे तू लिहिलंच नाहीस?"

"अगं, लिहिलं की! चांगलं पानभर लिहिलं."

"मी बोलले ते लिहिलंस का, मावशी? सीधी बात कर."

"फक्त उदाहरण बदललं. बाकी सगळं तुझंच."

"उदाहरणच तर माझं होतं! बाकी सगळं पुस्तकाचं होतं!"

मंदाताईंनी उठून कूलर बंद केला. त्याच्या घरघरीत बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि मंदाताईंना ओरडता येत नाही. आतल्या खोलीतून त्यांच्या नवऱ्याचा, विश्वासरावांचा आवाज आला, "मंदा, पोरीला आधी पन्हं दे, मग भांडा!"

"काका, मला पन्हं नको. मला माझं उत्तर हवंय."

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या या पुढच्या खोलीत मंदाताईंचं शिलाई मशीन आहे. नया बाजारातल्या दुकानांतून साड्या येतात, त्यांना त्या फॉल-पिको करून देतात. शिक्षण दहावी. पण अक्षर असं की बघत राहावं, आणि त्या अक्षरापायी गेली अकरा वर्षं त्या अंध मुलींच्या परीक्षांना राइटर म्हणून बसतात. मुलगी बोलते, मंदाताई लिहितात. राइटर हा परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, असा नियम असतो. "मी कॉलेजात गेले नाही, ते कुणाच्या तरी कामाला आलं," असं म्हणून त्या हसतात.

आणि लिहायच्या ते जसंच्या तसं. एका मुलीनं भूगोलात नर्मदा नेऊन यमुनेला मिळवली, तेव्हा मंदाताईंनी ओठ घट्ट मिटून तीही मिळवली होती. घरी येऊन मात्र दिवसभर हळहळल्या.

आता समोर भांडत असलेल्या सोनिकाची गोष्ट निराळी. ती शेजारची, या मशीनच्या पायाशी बसून वाढलेली. आई नोकरीला जायची, पोर मंदाताईंकडे. आता ती बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय नीतिशास्त्र. पुस्तक ब्रेलमध्ये मिळेना, म्हणून सगळा हिवाळा मंदाताईंनी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिल्या वाचनात दोघींनाही काही कळलं नाही. दुसऱ्या वाचनात मंदाताईंनी मध्येच मशीन थांबवलं.

"थांब गं. हे तर माझ्या फॉलचंच चाललंय."

"फॉलचं?"

"बघ. दुकानदार म्हणतो, टाके लांब लांब घाला, आतून कोण बघतंय! आता मी काय करावं? पुस्तकातला एक पंडित विचारतो, यानं कुणाचं काय बिघडेल? गिऱ्हाइकाचा फॉल दोन धुण्यांत सुटेल, मग नको. दुसरा म्हणतो, परिणाम राहू दे बाजूला. तू नीट शिवायचं कबूल केलंस ना? मग शिव. आणि तिसरा आहे तो सगळ्यांत चिवट. तो विचारतो, असे टाके रोज घालत गेलीस, तर दहा वर्षांनी तू कसली बाई झालेली असशील?"

"मावशी, तू आमच्या मॅडमपेक्षा भारी शिकवतेस!"

मंदाताई लाजल्या होत्या. पण त्या दिवसापासून विषय त्यांनाही कळायला लागला, आणि घोटाळा तिथेच झाला.

आज सकाळी पेपर होता. चौथा प्रश्न: सत्य लपवणं कधी योग्य ठरू शकतं? उदाहरणासह लिहा. सोनिका बोलत गेली, मंदाताई लिहीत गेल्या. मग उदाहरण आलं आणि पेन थांबलं. पुस्तकात एका जहाजाच्या कप्तानाचं उदाहरण होतं: प्रवासी घाबरू नयेत म्हणून तो वादळाची बातमी दडवतो. मंदाताईंनी ते लिहून टाकलं. लगेच घंटा झाली, परत वाचून दाखवायला वेळच उरला नाही. पण पेपर झाला की ई-रिक्षातून येताना काय काय लिहिलं ते सांगायची त्यांची सवय. सांगता सांगता "कप्तानाचं झकास जमलं हो" असं निघून गेलं.

"कप्तान!" सोनिका म्हणाली. "आपल्या ग्वाल्हेरात कसलं आलंय जहाज?"

"तपासणाऱ्याला पुस्तकातलंच आवडतं, बेटा. तुझे मार्क जाऊ नयेत म्हणून..."

"गेले तर माझे गेले असते."

"आणि घरातल्या गोष्टी परक्या माणसाला कशाला सांगायच्या?"

"कुणाच्या घरातल्या?"

मंदाताई साडीची घडी मोडून पुन्हा घालू लागल्या.

"मावशी, ते तीन पंडित बोलावू का? कुणाचं काय बिघडलं, ते मी सांगते. तू काय कबूल केलं होतंस, तेही सांगते. तिसऱ्याचं उत्तर तू दे. माझ्यासाठी बदललंस की तुझ्यासाठी?"

आत वर्तमानपत्राची सळसळ थांबली.

मंदाताईंनी ड्रॉवरमधून वही काढली. मापं लिहायची वही, मागची पानं कोरी. पेन उघडलं. "सांग," त्या म्हणाल्या. "आता लिहिते."

"सगळं?"

"बोलशील तेवढं."

सोनिका सरळ बसली, परीक्षेला बसते तशी, हात मांडीवर.

"मी नऊ वर्षांची असताना माझी नजर गेली. कंपू भागातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं. मला कुणी सांगितलं नाही. लिहिलंस?"

"लिहिलं."

"सगळ्यांची माझ्यावर माया होती, म्हणून सगळे खोटं बोलले. सगळ्यांत गोड खोटं शेजारच्या मावशी बोलायच्या. मी त्यांच्या दोऱ्याच्या रिळांशी खेळायची. हा कुठला रंग, असं विचारलं की म्हणायच्या, पाडव्याला तूच सांगशील मला."

पेन चालत राहिलं.

"दोन पाडवे गेले. मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी थोडी थांबायची, आज दिसेल म्हणून. त्या दोन वर्षांत मी ब्रेल शिकले असते. काठीनं चालायला शिकले असते. माझ्या मते हेतू चांगला होता. पण वाट मी बघत होते, म्हणून सत्यावर हक्क माझा होता." ती थांबली. "पूर्णविराम. आता वाच."

मंदाताईंनी वाचलं. 'शेजारच्या मावशी' या शब्दांपाशी अडखळल्या, तेव्हा ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एक शब्द सोडला नाही. मग पान अलगद फाडून सोनिकाच्या हातात दिलं. तिनं त्याची चौकोनी घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

"तुला दुखवायचं नव्हतं गं," मंदाताई म्हणाल्या. "तेव्हाही नव्हतं, आजही नव्हतं."

"माहितीये."

सोनिका उठली. कोपऱ्यातली काठी तिला बरोबर सापडली.

"शुक्रवारी शेवटचा पेपर आहे," मंदाताई घाईनं म्हणाल्या. "मीच येऊ ना? की दुसरं कुणी बघतेस?"

दाराबाहेरची पहिली पायरी फुटकी आहे. तिथं आल्यावर सोनिका नेहमी हात मागं करते आणि मंदाताई तो धरतात. आज तिचा हात मागं आला नाही. मंदाताईंचा मात्र सवयीनं पुढं गेला, तिच्या कोपरापासून चार बोटांवर जाऊन थांबला. त्यांनी तो मागं घेतला आणि पदराखाली धरून ठेवला.

काठीचं टोक फुटक्या कडेवरून फिरलं, खालची फरशी चाचपली. सोनिका पायरी उतरली आणि उन्हातून चालू लागली.