टोपलीवरचं फडकं

आमचे सासरे सहा भाकरी खायचे. दादर ज्वारीच्या, हातभर रुंद. गावात कुणाचं लग्न असलं की पंगतीत बापूंच्या शेजारी बसायला माणसं कचरायची, कारण त्यांच्यापुढे आपण जेवलोच नाही असं वाटायचं. मला मात्र त्यांचं जेवण बघायला आवडायचं. रनाळ्याला माहेरी मलाही 'खादाड' म्हणून चिडवायचे, त्यामुळे खाणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून माया.

सासूबाई होत्या तोवर वाढायचं काम त्यांचं होतं. त्या गेल्या आणि भाकरींची टोपली माझ्याकडे आली. सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून मी वाढायची. बापू भिंतीकडे बघून विचारायचे, "घरमा भाकर शे का?" मी बांगड्या वाजवायची, म्हणजे आहे. टोपलीत नसली तरी वाजवायची आणि धावत चुलीपाशी जाऊन थापायची. 'नाही' कसं वाजवायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी शेतात कपाशीच्या पऱ्हाटीचा खुंट बापूंच्या पायात घुसला. जखम इवलीशी, पण भरेना. महिना झाला, दोन झाले, पाय काळा-निळा पडायला लागला तेव्हा आमचे हे त्यांना बैलगाडीत घालून तालुक्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी पायाआधी भलतंच विचारलं, लघवीला मुंग्या लागतात का? लागत होत्या. परसात बापू बसायचे त्या दगडापाशी मुंग्यांची रांग मी रोज बघत होते आणि वेंधळ्यासारखी राख टाकत होते.

साखरेच्या त्या आजारावर तेव्हा आमच्यापर्यंत सुई पोचली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "धान्य निम्म्याच्या खाली आणा. गूळ तोंडाला लावू नका. भाजीपाला हवा तेवढा खा. नाहीतर पाय कापावा लागेल." ह्यांनी घरी येऊन मला तेवढंच सांगितलं आणि शेतावर निघून गेले. म्हणजे बापूंना दोन भाकरींवर आणायचं, तेही तोंड न उघडता, हे माझ्या गळ्यात पडलं. मला रडूच आलं. सहा भाकरींच्या माणसाला दोन वाढून आत निघून यायचं, हे माझ्या हातून होणार नव्हतं.

मग 'हवा तेवढा' हा शब्द मी धरून बसले. ताटाऐवजी मोठी पितळी परात काढली. नदीच्या वाळूत वाडी करणाऱ्यांकडून काकड्या यायच्या, त्या चार-पाच चिरून आधी पुढे ठेवायची. वर तांब्याभर पातळ ताक. मग गिलक्यांची भाजी, तीही तेलाचं बोट दाखवल्यासारखी, पण परातीचा अर्धा भाग भरेल एवढी. भाकर सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात पोकळा निघाला, पुढे मेथी आली, तेव्हा पाला बारीक चिरून पिठातच घालायला लागले. दोन भाकरींच्या पिठात चार व्हायच्या. पहिल्या दिवशी सगळ्या तव्यावर फाटल्या आणि माझी बोटं भाजली. नंतर ओल्या फडक्यावर थापून टाकायला जमलं. थंडी सुरू झाल्यावर वांगी. पऱ्हाट्यांच्या जाळावर डझनभर हिरवी वांगी भाजायची, मिरची-लसूण घालून बडग्यानं ठेचायची. टोपलंभर भरीत बापू एकटे संपवायचे. मला कोण आनंद व्हायचा!

दिवाळीपर्यंत परसातल्या मुंग्या गेल्या. जखमेला खपली धरली. पहाटे उठले की मी आधी तो दगड बघायची, मग तोंड धुवायची. शेजारणी विचारायच्या, सासऱ्याला एवढा पाला खायला घालतेस, घरात दाणे नाहीत का? मी हसायची. खरं सांगते, आपण फार हुशार आहोत असं मला वाटायला लागलं होतं.

पौषात एका सकाळी दगडापाशी मुंग्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी जास्त. बापू घरात गुळाचा खडा खात नव्हते, म्हणजे उसाच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं होतं तिथलंच काम. काहिलीतला गरम गूळ, वर ताजा रस. तिथं त्यांना अडवणार कोण? मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बापूले मी काय सांगू? मन्ही छाती नही." एवढा दाढीमिशीवाला माणूस, पण बापापुढे पार शेळी! मला त्यांचा राग आला. माझा स्वतःचाही आला, कारण मीही आठ दिवस गप्पच बसले. खपलीखालून पुन्हा पाणी यायला लागलं तोवर गप्प बसले.

नवव्या दिवशी दुपारी बापू जेवायला बसले. काकडी, भाजी, भाकरी झाल्या. भिंतीकडे बघत म्हणाले, "घरमा भाकर शे का?"

मी हात उचलला, पण बांगड्या वाजवल्या नाहीत. पदराआडून माझाच आवाज आला, "भाकर शे, बापू. पन मुंग्या बी शेतस."

शेजारी जेवत बसलेल्या ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. बापूंनी मान वर केली नाही. तांब्या घेतला, परातीतच हात धुतला आणि लंगडत बाहेर गेले. आता मला रनाळ्याला पोचवणार, असं धरून मी चुलीपुढे बसले. भीतीपेक्षा वाईट जास्त वाटत होतं. भरल्या घरात एक माणूस अर्ध्या जेवणावरून उठला होता, आणि तो मी उठवला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच गाडी जुंपायला सांगितली. मला कुणी काही बोललं नाही. बारा दिवस बापू दवाखान्यात होते. पायाची करंगळी काढावी लागली. पाय राहिला. पहिली मुंगी दिसली त्याच दिवशी मी तोंड उघडलं असतं, तर ती करंगळीही राहिली असती. हे मला अजून टोचतं.

परत आले त्या दिवशी मी मेथी घातलेल्या भाकरी केल्या, भरीत केलं, परात भरून ठेवली. ते खाली मान घालून जेवले. चौथी भाकर संपली, तसा त्यांचा हात सवयीनं पुढे आला. मी टोपलीजवळ उभी. वाजवावं की बोलावं?

बापूंनी हात तसाच ठेवला आणि भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.

"तुन्ही सासू टोपलीवर फडकं टाके," ते म्हणाले. "'आते बस' म्हने. मंग माले समजे, पोट भरनं. ती गई, मंग कोनी बस म्हनंच नही."

मी हे दोन वर्षं रोज बघितलं होतं. सासूबाई फडकं टाकायच्या आणि बापू मुकाट्यानं हात धुवायचे. ते मला एकदाही आठवलं नव्हतं. मी त्यांचं पोट भरायच्या मागे लागले होते, आणि ते रोज दोन्ही वेळा जेवताना तो एक शब्द ऐकू येतो का बघत होते.

"आते तू टाक," बापू म्हणाले.

भाकरी थापायचं ते ओलं फडकं तसंच खांद्यावर होतं. मी ते टोपलीवर टाकलं.

"आते बस, बापू," मी म्हटलं.

त्यांनी हात धुतला.