भाईंच्या पायाशी वीट

मन चिंती ते वैरी न चिंती, असं आई कायम म्हणायची आणि माझ्याकडे बघूनच म्हणायची. एसटीला दहा मिनिटं उशीर झाला की माझ्या डोळ्यांसमोर पूल खचलेला असे. दूध नासलं तरी मला घरात आजारपण दिसे. पण भाईंनी तो कागद माझ्या हातात ठेवला, तेव्हापासून माझ्या काळजीला पहिल्यांदाच रीतसर कारण मिळालं.

भाई म्हणजे आईचे चुलते. आई त्यांना काका म्हणायची, बाकी सगळा केज तालुका भाई म्हणायचा. निजामाच्या राज्यात ते दोनदा तुरुंगात गेले, आणि डाव्या हाताची दोन बोटं तिथंच ठेवून आले. लग्न केलं नाही. स्वातंत्र्यानंतर समाजवादी म्हणून एकदा निवडणुकीला उभे राहिले आणि डिपॉझिट घालवून बसले, ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. "इंग्रज गेला, निजाम गेला, आता मालक कवा जातो तेवढं बघायचं," असं ते म्हणत. म्हातारपणी आमच्या घरी राहायला आले. वडील मी लहान असतानाच गेलेले, त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

त्यांनी मागे काय ठेवलं म्हणाल, तर एक विहीर. जुन्या एका दुष्काळात त्यांनी वाटणीला आलेली जमीन पाणी सोसायटीच्या नावे केली, आणि गावानं तिथं ओढ्याकाठी ही मोठी, पायऱ्यांची विहीर खोदली. सोसायटीचे नियम भाईंचेच. पाणी एकरांवर वाटायचं नाही, घरातल्या खाणाऱ्या तोंडांवर वाटायचं. या पाण्यावर ऊस लावायचा नाही. आणि तिसरा नियम, ज्यावरून दर दुष्काळात भांडण व्हायचं, तो असा की जे ऊसतोडीला गेलेत त्यांचा वाटा विहिरीतच राहील.

आमचं अर्धं गाव दसऱ्यानंतर तोडीला जायचं, ते चैत्रात परत यायचं. टोळ्यांचे ट्रक हलले की भाई स्वतः विहिरीत उतरत आणि एका पायरीवर लाल रंगानं रेघ ओढत. रेघेच्या वरचं पाणी गावात राहिलेल्यांचं, खालचं गेलेल्यांचं. मी सोसायटीचं प्रोसिडिंग बुक लिहायची, म्हणजे बिनपगारी सेक्रेटरी. त्या वर्षी रेघ कितव्या पायरीवर आहे ते मी लिहून ठेवायची आणि पुढं सहा महिने त्या रेघेची काळजी करायची.

आता कागदाचं सांगते. तो देहदानाचा होता. भाईंनी मला बरोबर घेऊन अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात तो भरला, जवळची नातेवाईक म्हणून माझी सही घेतली आणि स्टँडवर भजी खाऊ घातली. मला वाटलं, विज्ञानाचं काही तरी असेल. भाई देव मानत नव्हते.

"विज्ञान बिज्ञान ऱ्हाऊ दे," भाई म्हणाले. "मी मेलो की त्यो चेअरमन मला विहिरीवर जाळल. मग चौथरा. चौथऱ्याला कंपाउंड, कंपाउंडला कुलूप. चावी कुनाकडं ऱ्हाईल, सांग?"

मी द्रोणातलं भजं चिवडत राहिले.

"नुसती विहीर मागितली तर लोक काठ्या काढतील. समाधीला जागा मागितली तर टाळ्या वाजवून देतील. म्हणून मी सापडायलाच नको. मेल्यावर लगेच इथं आणून टाकायचं. त्याच्या कानावर जायच्या आत."

"आन आईला कोण सांगणार?"

"तूच," भाई म्हणाले आणि माझ्या द्रोणातलं शेवटचं भजं उचललं.

चेअरमन म्हणजे सहकारी साखर कारखान्याचा चेअरमन. विशीत असताना तो भाईंची पिशवी घेऊन गावोगाव हिंडला होता. पुढं कारखाना आला, त्याचा पसारा वाढला, पण प्रत्येक भाषणात तो "मी भाईंचा वारसदार" म्हणायचाच. त्याला सरळ खोटारडा म्हणून टाकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण तो भाईंना भेटायला यायचा, दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरायचा आणि बराच वेळ सोडायचा नाही, तेव्हा त्याचे डोळे खरोखर भरलेले असायचे. माणूस प्रेमानं लुटायला आला की त्याला दारातून हाकलायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

ते वर्ष पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिल्याचं. संक्रांतीलाच पाणी लाल रेघेला टेकलं. गावात टँकर सुरू झाला. विहिरीत डोळ्यांना दिसणारं पाणी, आणि आम्ही टँकरच्या रांगेत भांडतोय. लोक माझ्यावर चिडत. "मेलेल्याचं राखून ठेवतात तसं गेलेल्याचं राखून ठेवलंय," असं एकीनं मला तोंडावर सुनावलं. चेअरमनच्या ऊसरोपांना पाणी कमी पडत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात भाईंनी अंथरूण धरलं. चेअरमन आठवड्याला फळं घेऊन येऊ लागला.

"भाई, तुमचं स्मारक विहिरीवरच करू. जिथं घाम गाळला तिथंच."

"मेल्यावर मी तुला गावणार न्हाई, बे," भाई म्हणाले.

तो हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा. मी मात्र आत जाऊन पिठाच्या डब्यातला कागद चाचपून आले. दिवसातून चारदा चाचपायची. आईला अजून काही सांगितलेलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत माघ लागला.

शेवटच्या दिवसांत भाईंचे पाय गार पडायचे. आई चुलीत वीट तापवायची, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायची आणि त्यांच्या पायाशी ठेवायची. वीट निवली की दुसरी.

एका सकाळी उजाडता उजाडता आई वीट बदलायला गेली आणि तिथंच उभी राहिली. मी तिच्या पाठीकडे बघूनच ओळखलं. तिनं पदर तोंडाजवळ नेला, आता हंबरडा फुटणार, आणि मी धावत जाऊन तिचं तोंड दाबलं. माझ्या आईचं तोंड मी माझ्या हातानं दाबलं. हे लिहितानासुद्धा तो तळहात मला माझा वाटत नाही.

"आई, रडू नको. गावाला कळायला नको."

तिथंच, त्यांच्या खाटेजवळ, मी तिला सगळं सांगितलं. कागद, चौथरा, कुलूप, लाल रेघ. ती माझ्याकडे बघत राहिली.

"अग्नी न्हाई द्यायचा?"

"नाही."

"बापागत वाढवलं त्यानं मला. आन मी त्याला कापायला द्यू? रडू बी नको?"

"चैत्रात लोक येतील, आई. त्यांनी काय प्यायचं?"

हे मी ओरडून बोलले की कुजबुजून, आठवत नाही. आईनं भाईंचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "धोतर बदल त्याचं. दवाखान्यात मळकं नगं."

केज ते अंबाजोगाई वडाप करणारी, सीटा भरून नेणारी एक जीप आमच्याच गावची होती. ड्रायव्हरला मी खरं ते सांगितलं, कारण मेलेलं माणूस त्याच्या जीपमध्ये फसवून घालायची माझी हिंमत नव्हती. त्याचे आईबाप आणि बायको कर्नाटकात तोडीला गेलेली. त्यानं एकच विचारलं, "आमच्या घरचं पाणी ऱ्हाईल न्हवं?"

"राहील."

"मग बसा."

मागच्या बाकावर भाईंना झोपवलं. डोकं माझ्या मांडीवर. शेजारच्यांना आईनं सांगितलं, "काकाला लई जास्त झालंय, दवाखान्यात न्यायलेत." तिचा आवाज अजिबात कापला नाही. मग ती घरात गेली आणि बाहेर येऊन भाईंच्या पांघरुणाखाली काही तरी ठेवून गेली. आता कसली वीट, असं माझ्या ओठांवर आलं होतं. जीप हलली तेव्हा आई दारात उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून.

डांबरी रस्त्याला लागतो न लागतो तोच समोरून चेअरमनची पांढरी गाडी आली. त्याचा येण्याचा वार नव्हता, वेळही नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "हाणू का सरळ?" मी म्हणाले थांब. सरळ गेलो असतो तर तो मागं आलाच असता.

तो उतरून जवळ आला. "काय झालं, ताई?"

"भाईंना अंबाजोगाईला नेतेय. दवाखान्यात."

यात एक शब्दही खोटा नव्हता. भाईंचे डोळे मिटलेले, तोंडावर मफलर. चेअरमन क्षणभर बघत राहिला आणि मग जीपच्या मागच्या बाजूनं आला. मला कळलं तो काय करणार आहे. तो जे दर वेळी करायचा तेच. पांघरुणाखाली हात घालून त्यानं दोन्ही पाय धरले.

आता संपलं, असं वाटलं. विहीर गेली, कुलूप लागलं, चैत्रात लोक ट्रकमधून उतरतायत आणि मी त्यांना काय सांगतेय, हे सगळं मी तेवढ्या वेळात बघून घेतलं. भाईंचं डोकं मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं, जसं काही ते उठून खरं सांगणार होते.

चेअरमननं कपाळ त्या पायांना लावलं. वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"पाय गरम हायेत," तो म्हणाला. "काही होत न्हाई भाईंना. जावा लवकर. कुणी अडवलं तर माझं नाव सांगा."

जीप घाट चढून गेली. मग ड्रायव्हर आईबद्दल म्हणाला, "अक्का लई हुशार हायेत." मी रडायला लागले. कारण मला माहीत होतं, आईनं हुशारी केलीच नव्हती. तिला चेअरमन भेटणार हे कुठं ठाऊक होतं? काकाचे पाय गार पडतात, एवढंच तिला ठाऊक होतं.

कॉलेजात डॉक्टरांनी तपासलं, सही केली, कागदाला कागद जोडले. पांढऱ्या कपड्यातल्या एका माणसानं पांघरूण काढलं आणि वीट हातात घेऊन विचारलं, "ही तुमची?" ती निवली होती. मी पिशवीत घालून घरी आणली. आईनं ती पिशवीतून काढली, हातानं चाचपली आणि चुलीजवळ ठेवली. जेवली नाही. रडलीही नाही. बायका भेटायला आल्या, त्यांनी गळा काढला, पण आईचा आवाज फुटला नाही. मी दाबला तो दाबलाच, असं मला वाटलं. ही काळजी माझ्या आधीच्या सगळ्या काळज्यांपेक्षा मोठी होती.

चेअरमन संध्याकाळी आला. ओट्यावर बसला.

"अक्का, मी पाय धरले तवा भाई होते का?"

"न्हवते," आई म्हणाली.

"पण पाय गरम होते."

"वीट होती."

तो खाली मान घालून बसला. हसला की रडला ते मला नीट दिसलं नाही. "गावणार न्हाई म्हणलते," एवढंच तो म्हणाला. पुढं सोसायटीच्या बैठकीत त्यानं स्मारकाला विहिरीची जागा मागितलीच. माणूस बदलला वगैरे काही नाही. पण एका म्हाताऱ्यानं विचारलं, "चौथऱ्यात ठेवणार काय?" लोक एकमेकांकडे बघायला लागले आणि विषय तिथंच मोडला. मी प्रोसिडिंगमध्ये तसं लिहिलं. नंतरच्या वर्षांत ज्यानं त्यानं बोअर घेतले, विहिरीचा झरा आटला, सोसायटी कागदावर उरली. भाईंचं सगळं टिकलं असं मी कुणाला सांगत नाही. तो एक उन्हाळा टिकलं.

चैत्रात ट्रक आले. उतरलेल्या बायका, पाचटानं कापलेले हात, कडेवर पोरं, सामान दारात टाकून आधी हंडे घेऊन विहिरीवर गेल्या. पाणी लाल रेघेच्या हातभरच खाली होतं, तेवढं उन्हानं खाल्लेलं. आई कधी नाही ती माझ्याबरोबर आली. ड्रायव्हरची आई, जिला तोडीवर बातमी पोचलीच नव्हती, पायऱ्या उतरता उतरता थांबली आणि इकडंतिकडं बघून म्हणाली, "रेघ हाय. मग भाई कुठं हायेत, अक्का?"

तेव्हा आईचा हंबरडा फुटला. दीड-पावणेदोन महिने उशिरानं. विहीर दणाणली, कठड्यावरचे पारवे उडाले. ती वरच्या पायरीवर बसली आणि काका, काका करत कपाळ बडवायला लागली. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या, तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मी बाजूला उभी होते. माझा हात मी पदराखाली लपवला होता.

मागच्या बायका डोळे पुसत खाली उतरल्या, रेघ ओलांडली आणि हंडे भरायला लागल्या.