सरांना जेवण घरचं

“होती की पुण्याला कंपनीत, कोड लिहायची. आता सुटलं ते सगळं.”

माझ्या नवऱ्यानं, सुहासनं, हे त्याच्या मित्राला सांगितलं तेव्हा लग्नाला महिनाही झाला नव्हता. तंबाखू सुटावी तसं म्हणाला. मी पडद्याआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

श्रीगोंद्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सुहास आणि त्याचे भागीदार दत्ताभाऊ दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. मागच्या खोलीत स्वयंपाकघर, तिथं मी. बोलणाऱ्याचे किस्से बोलून संपतात, ऐकणाऱ्याकडे साठत जातात. माझ्याकडे आता बरेच झालेत.

*

प्रोग्राम लिहायचं त्यांचं टूल विकतचं, ट्रायल महिन्याभराची. ती संपत आली की दत्ताभाऊ लॅपटॉपची तारीख मागं सरकवायचे. एकदा तसाच लॅपटॉप घेऊन केंद्रावर डेमोला गेले आणि पावती छापली. एका म्हातारबुवांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

“हे दूध मागल्या महिन्यातलं हाय व्हय? मंग नासलं कसं न्हाई?”

त्याच संध्याकाळी दोघांनी ओपन सोर्सकडं वळायचं ठरवलं.

*

दत्ताभाऊंचा फुकटच्या गोष्टींवर भरवसा नव्हता. सुहास त्यांना समजावत होता, की ह्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो, कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्त करावा. सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या.

“म्हंजे गावची विहीर,” त्या म्हणाल्या. “पानी समदेच न्हेत्यात. गाळ काढाया कोन उतरतं ते बघा.”

पुण्यात ह्याच विषयावर मी दोन-दोन तासांची भाषणं ऐकलीत. एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

मी उतरत होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुपारी त्या आडव्या झाल्या की साड्यांखालचा जुना लॅपटॉप काढायचा. पावत्या छापणारं एक मोफत टूल आहे, त्यातल्या चुका शोधून दुरुस्त्या पाठवायच्या. तिथं माझं नाव ‘गोदाकाठ’. माहेर पुणतांब्याचं ना. लग्नात ताटातल्या तांदळावर माझं नवं नाव लिहिलं गेलं, हे तेवढं जुनं राहिलं. सुहासनं कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

*

एकाच फाईलवर दोघांनी काम केलं की एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या लिहिण्यानं पुसलं जायचं. म्हणून नियम केला: लग्नात मानाचं मिळालेलं उपरणं ज्याच्या खांद्यावर, त्यानंच फाईलला हात लावायचा. एक दिवस दत्ताभाऊ उपरण्यासकट ऊसतोड बघायला शेतावर गेले. सुहास दिवसभर नुसता बसून.

कुणी काय बदललं ते सांभाळणारं मोफत टूल असतं, मी चार वर्षं वापरलंय. चहा देताना ओठांपर्यंत आलं होतं. “साखर कमी झाली का?” एवढंच विचारलं.

*

पावत्या छापायला दोघांनी आता मी दुरुस्त करायचे तेच मोफत टूल घेतलं होतं. मग पावतीची शेवटची ओळच छापेना. त्या ओळीत दुधाची फॅट. फॅटशिवाय पावती कोण घेईल? केंद्रानं चार दिवसांची मुदत दिली. सुहासनं टूलवाल्यांना कळवलं.

दुपारी त्याची तक्रार मला माझ्या लॅपटॉपवर दिसली. घाटावर बसून गोदावरीत पाय सोडल्यावर वाटायचं तसं बोटांना वाटलं. तिसऱ्या दुपारी दुरुस्ती पाठवली, संध्याकाळी पुढच्या खोलीत ओळ छापून आली.

“ह्यो गोदाकाठ सर लई पोचलेला मानूस,” दत्ताभाऊ म्हणाले. “नाशिककडचा असनार.”

“असं कुणीतरी आपल्यात पाहिजे रे,” सुहास म्हणाला.

मी कणीक मळत होते. त्या दिवशी जरा जास्तच मळली.

*

परवा सकाळी भाकरी थापताना मोबाईल वाजला. मेल होता.

‘आदरणीय गोदाकाठ सर, आपण आमच्यासोबत काम करावे ही नम्र विनंती. श्रीगोंद्यात राहण्याची सोय करू. जेवण घरचे. आमच्या वहिनींच्या हातची भाकरी एकदा खाल, तर परत जायचे नाव काढणार नाही.’ खाली दोघांची नावं.

भाकरी तव्यावर टाकली. उलटली. फुगू दिली. हात पुसले, पडदा सारला, पुढच्या खोलीतली तिसरी खुर्ची ओढून बसले. दोघांनी आधी माझ्या हातात ट्रे आहे का ते पाहिलं.

“सर यायला तयार आहेत,” मी म्हणाले. “भाकरीचं तेवढं दुसरं कुणीतरी बघा.”