हातानं खणलेली माती

दिल्लीत ऋषीपंचमीची भाजी करायची तर खरी अडचण असते ती बैलाची. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हे आपल्या बायकांना माहीत. पण बाजारातल्या भाजीवाल्याला "भैया, ये बैल के बिना उगाया है ना?" असं विचारलं की तो असा काही बघतो, की पुन्हा विचारायची हिंमत होत नाही. म्हणून लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगरातल्या आम्हा बायकांना शेवंताताईंचा मोठा आधार. त्यांच्या परसात ना बैल, ना ट्रॅक्टर. एक कुदळ आणि त्यांचे दोन हात.

ताई मूळच्या खटावच्या. यजमान मारुतराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, मुलगा कौस्तुभ इकडेच नोकरीला लागला, म्हणून फरीदाबादच्या पुढे अरवलीच्या पायथ्याशी घर बांधलं. जागा स्वस्त मिळाली, कारण मागेच दगडाची बंद पडलेली खाण. परसात नुसता खडक. पण ताई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. खाणीच्या काठाला त्यांना काळी, मऊ माती दिसली. गावाकडे उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढून शेतात पसरतात, तसं त्यांनी ती घमेल्यांनी डोक्यावरून आणली.

"गावाकडचा गाळच बघा वैनी, डिट्टो!" मला हाताला लावून दाखवायच्या.

त्या मातीत अळू असं माजलं की पानं छत्रीएवढी. अंबाडी, लाल माठ, सगळं. पिशव्या भरून मेट्रोनं आमच्याकडे यायच्या. कुणाच्या बाळंतिणीला, कुणाच्या आजारी सासूला. ताईंचं दिल्लीतलं अर्धं गणगोत त्या पिशव्यांनीच जोडलं.

यंदा श्रावणात मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा माझी भाची स्वरूपा सोबत होती. ती एका प्रयोगशाळेत माती तपासते. ताईंच्या सुनेला, सोनमला, सहावा महिना होता. ती दिल्लीतच वाढलेली, छावणीतली मुलगी. हिमोग्लोबिन कमी, म्हणून ताई तिला रोज पालेभाजी खायला घालत होत्या.

"आई, बस ना यार, मी काय शेळी आहे का?"

"खा गप. रक्त काय दुकानात मिळतं?"

आमच्यापुढे अळूवड्या आल्या. स्वरूपानं एक तोंडात टाकली आणि खिडकीतून मागची खाण बघत सहज विचारलं, "तिथे आता काय चालतं, काका?"

"आता काही नाही. खाण बंद झाल्यावर काही वर्षं एक शेड होती. जुन्या बॅटऱ्या फोडायचे, शिसं वितळवायचे. धूर, राख... मग पोलिसांनी उठवली."

स्वरूपाचं चावणं थांबलं. "आणि राख कुठे टाकायचे?"

मारुतरावांनी खाणीच्या त्याच काठाकडे बोट केलं, आणि तसंच धरून ठेवलं. ताई सोनमच्या ताटात भाजी वाढत होत्या. तो डाव परत पातेल्यात गेला.

स्वरूपा माती नि पानं पिशवीत घालून घेऊन गेली. मध्ये ताईंचे मला रोज फोन. "वैनी, आम्ही तर स्वच्छ धुऊन घ्यायचो." "वैनी, चिंच घातली की काय असेल ते मरतं ना?" शेवटी स्वरूपानं सांगितलं: मातीत शिसं भरपूर, पानांतही असावं त्याहून जास्त. वरची धूळ धुतल्यानं जाते, पानाच्या आतलं जात नाही. सोनमचं रक्त तपासायला द्या, आणि पोटातल्या बाळासाठी उशीर करू नका.

रक्त दिलं आणि गणपती आले. चतुर्थीला आमच्याकडे आरतीला सगळ्या जमल्या. ताई आल्या, पण हात रिकामे.

"अहो, उद्याचं अळू कुठाय?" आमच्यातल्या थोरल्या विजयाताईंनी दारातच पकडलं.

"यंदा नाही ताई. उपटून टाकलं." त्यांनी सगळं सांगितलं. खाण, शेड, शिसं.

"इतकी वर्षं खाल्लं, कुणाला काही झालं? हल्ली पोरी दोन बुकं शिकतात आणि म्हाताऱ्यांना घाबरवतात. एवढ्या वर्षापुरतं द्या हो. बैलाचं खाऊ का आता?"

"बैलाचं खा," ताई म्हणाल्या. "माझ्या हातचं नको."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कौस्तुभ. ताईंनी तो न उचलता माझ्यापुढे धरला. मी उचलला. समईची वात सारखी करायच्या निमित्तानं विजयाताई खाली वाकल्या त्या वर बघेनात.

सोनमच्या रक्तात शिसं वाढलेलंच होतं. औषधानं काढावं इतकं नाही, पण नको तितकं. डॉक्टरीणबाईंनी भाजी बंद, परसात जाणं बंद, लोह-कॅल्शियम चालू सांगितलं होतं. महिन्यानं पुन्हा तपासणी.

"बाळाचं विचारा," ताई पुटपुटल्या.

"सोनोग्राफी ठीक आहे म्हणाल्या," कौस्तुभ म्हणाला. "बाकीचं आत्ताच कुणी सांगू शकत नाही, काकू."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. विजयाताई हळूच खुर्चीवर बसल्या. "माझी नात मयुरा," त्या म्हणाल्या, "अळूच्या फदफद्याशिवाय जेवत नाही हो." मग प्रत्येकीला आपापलं कुणीतरी आठवलं. त्या दिवशी आरती झाली, पण टाळ कुणाचा जुळेना.

परवा मी फरीदाबादला जाऊन आले. मधल्या काळात मयुराचं रक्त बरं निघालं. सोनमचं दुसऱ्या तपासणीत उतरलंय, पण अजून पुरतं नाही. परसावर मारुतरावांनी ताडपत्री घालून कडेनं दगड रचलेत. माती काढायची आहे, पण टाकायची कुठे? परत खाणीत टाकली तर तिथे शेजाऱ्यांच्या शेळ्या चरतात. ताई तयार नाहीत. मारुतराव सरकारी कार्यालयांना फोन लावतात, तिकडून "देखते हैं" येतं. चपला अंगणाबाहेर. घरात दिवसातून दोनदा ओल्या फडक्यानं पुसणं.

सोनम पलंगावर टेकून बसली होती. एकदम म्हणाली, "आई, इकडे या, चलो, जल्दी. लाथ मारतोय."

ताई उठल्या त्या मोरीकडे गेल्या. साबण लावून हात धुतले, नखांत ब्रश फिरवला, पुन्हा धुतले.

"आत्ताच तर धुतले होते!"

"असू दे."

पुसून त्या जवळ आल्या, तरी हात मधेच थांबला. सोनमनं तो ओढून पोटावर ठेवला. ताई कान देऊन ऐकल्यासारख्या स्थिर राहिल्या.

"थांबला वाटतं," त्या म्हणाल्या.

"थांबला नाही. थोडं थांबा तुम्हीच."

आम्ही तिघी थांबलो.