निळ्या जिभांचा शुक्रवार

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हे सांगताना मला अजून घाम फुटतो, आणि मध्येच कुणी फिस्सकन हसलं की पुढचं विसरायला होतं.

तर मी वासंती. तंजावरच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी. त्यात भर म्हणून कुक्कुटपालनाचं प्रशिक्षण घेतलं. भित्र्या माणसाला रोगांची नावं शिकवू नयेत, हे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. कोंबडीच्या पोटात शिरणारे विषाणू किती, हे कळल्यापासून मी रस्त्यात विष्ठा दिसली की थांबते. पांढरी पातळ असेल तर गंबोरो, पाण्यासारखी फेसाळ असेल तर रोटा, हिरवीगार असेल तर राणीखेत. देवळाच्या वाटेवरसुद्धा थांबते. आई हल्ली माझ्याबरोबर चालतच नाही, दहा पावलं पुढे असते.

माझी मामी पापनाशमजवळ राहते. मामा नोकरीपायी त्रिचीला, आणि ही इथे परसातली कोंबड्यांची शेड सांभाळून. मागच्या खेपेला शेडमध्ये राणीखेत शिरला. आधी हिरवी हगवण, मग लुळे पाय, मग वाकडी मान. आठवड्याभरात शेड रिकामी. त्या रोगाला औषध नाही, आधी लस द्यायची एवढंच हातात असतं. त्यानंतर कित्येक महिने मामीने परसाचं दारच उघडलं नव्हतं.

या खेपेची पिल्लं तिने माझ्या शब्दावर आणली. "तू शिकलीयेस ना वासू, तू सांगशील तसं करते," म्हणाली. आता मला सांगा, एवढा भरवसा कुणी टाकल्यावर झोप लागेल का?

पिल्लं वाढली, त्यांच्या छान तुकतुकीत तलंगा झाल्या. अजून अंड्यावर यायच्या होत्या. राणीखेतची पाण्यातून द्यायची लस शुक्रवारी द्यायचं ठरलं. लसीची कुपी आणि दुकानदाराने तिच्याबरोबर दिलेल्या गोळ्या मी मामीच्या फ्रीजमध्ये ठेवून आले. कृतीही समजावली: आधी पाणी तोडायचं, पक्षी तहानले की विहिरीच्या पाण्यात दुधाची पावडर कालवायची, मग लस घालायची. वर बजावलं, "तू हात लावू नकोस. मी अकराला येऊन करते."

शुक्रवारी पोचले तर मामी तिन्नईवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसलेली. एरवी गेटपासूनच बोलायला लागते. आज नुसतं, "आलीस?"

"काय झालं?"

"काही नाही गं. ऊन आहे."

मी सरळ शेडकडे गेले. दारातच, अगदी पायाशी, विष्ठा. हिरवी. साधी पालेभाजीची हिरवी नाही हो, निळसर झाक मारणारी, भडक हिरवी. आत पाहिलं तर सगळ्या चोची उघड्या टाकून धापा टाकतायत. एक कोपऱ्यात मान पार उलटी वळवून उभी. मानमोडी, दुसरं काय? (ती पाठ खाजवत होती. हे मला नंतर कळलं.)

एक तलंग धरली, चोच उघडली. जीभ निळी.

दुसरी धरली. निळी. तिसरीही निळी. रक्तातला प्राणवायू संपत आला की तुरे निळे पडतात, हे मला पाठ होतं. तुरे लालच होते, पण खरं सांगते, त्या क्षणी तेही मला जांभळट दिसायला लागले.

लस द्यायच्या अगदी तोंडावर रोग आला, असंच मला वाटलं.

बाहेर येऊन म्हटलं, "मामी, राणीखेत आहे."

मामीचा चेहरा असा उतरला की मला तिच्याकडे बघवेना. "नक्की?" एवढंच म्हणाली.

"हगवण हिरवी आहे. जिभा निळ्या आहेत. आणखी काय पाहिजे?"

"जिभा..." ती म्हणाली आणि थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मला वाटलं, मागचं सगळं आठवलं तिला. मी म्हटलं, "तू आत जाऊ नकोस. चपला इथेच काढ. मी सांगते तसं करायचं." आणि मी सुटले. गेटपाशी चुन्याचा पट्टा ओढला. शेडच्या दारात जंतुनाशकाची परात ठेवली. ओढणी नाकातोंडाला बांधली. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि बर्फाची पेटी घेऊन नमुने न्यायला या म्हणून सांगितलं. हे सगळं बरोबरच केलं, बरं का. पुस्तकात असंच लिहिलंय.

फक्त फोनवर माझा आवाज जरा चढला होता. कुंपणापलीकडून शेजारच्या शेल्वम अण्णांचं डोकं वर आलं. त्यांची शेड आमच्या चौपट.

"काय पाप्पा, काय आहे?" पाप्पा म्हणजे पोरी हो, आमच्याकडे असंच म्हणतात.

"अण्णा, आमच्याकडे राणीखेत. तुमची दारं बंद करा."

दारं बंद करायच्याऐवजी अण्णांनी खुराडी बाहेर काढली. "रोग यायच्या आत विकून टाकतो," म्हणाले.

"अण्णा, नका. पक्षी हलवले की रोग गावभर जाईल."

"आणि नाही हलवले तर माझं जाईल. त्याचं काय?"

ते एकेक कोंबडी खुराड्यात कोंबत होते, मी कुंपणाला धरून विनवण्या करत होते, आणि त्या कोंबड्यांचा कलकलाट. घसा कोरडा पडला. मागे तिन्नईवर झाकण ठेवलेलं एक सोंबू होतं. पितळी लोटा हो. उचललं, ओढणी खाली केली, मान वर केली आणि ओठ न लावता, आमच्याकडे पितात तशी, वरून धार घशात सोडली. पातळ ताकासारखं काहीतरी होतं.

"मामी, ताकात मीठ नाही घातलंस?"

मामी उभी राहिली होती. माझ्याकडे बघत. तोंडावर हात.

"काय?"

"काही नाही," ती पुटपुटली आणि मटकन खाली बसली.

साऱ्या गावाला स्वच्छता शिकवणारी मी, शेडमधून येऊन हातसुद्धा न धुता लोटा उचलला, हे माझ्या ध्यानातच नाही. मी ओढणी पुन्हा घट्ट बांधली आणि अण्णांकडे धावले.

तेवढ्यात डॉक्टर आले. शांत माणूस. चुन्याच्या पट्ट्याबाहेर स्कूटर लावली, परातीत बूट बुडवले, मला जरा बरं वाटलं. मी ओढणीतूनच सगळं सांगायला लागले. ते म्हणाले, "अम्मा, एक अक्षर कळत नाहीये. ते फडकं काढून बोला."

मी ओढणी काढली. "डॉक्टर, हिरवी हगवण, धाप, मान वाकडी, आणि जिभा सगळ्या निळ्या."

ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. कुंपणावरून शेल्वम अण्णाही बघायला लागले. हातातली कोंबडी तशीच.

"तुम्हाला हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय?"

"जीभ."

फोनचा कॅमेरा उघडला. जीभ बाहेर काढली. निळी. नुसती निळी नाही, शाई प्यायल्यासारखी. पक्ष्यांचा रोग मला लागला, आता आईला कोण सांगणार, एवढंच डोक्यात आलं आणि मी शेडच्या खांबाला धरून बसले.

तेव्हा मामीला रडू फुटलं. "मीच मारल्या गं त्या. आणि तुलाही मीच पाजलं."

"काय पाजलं?"

"लस. अकराला शुक्रवारचा राहुकाळ असतो. मागच्या खेपेला मी त्याच वेळेला पिल्लं घरात आणली होती. या वेळी मन होईना. म्हणून तू सांगितलंस तसं सगळं करून सकाळी सातलाच दिली. लसीबरोबरची ती गोळी टाकली तर पाणी निळं झालं. मग तू येऊन राणीखेत म्हणालीस. मला वाटलं, माझ्या हातूनच काही चुकलं. उरलेलं कुठे ओतायचं कळेना, म्हणून झाकून ठेवलं होतं. तू ते..."

डॉक्टर शेडमध्ये गेले. आम्ही दारात उभ्या. मामीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. आतून एकेका पक्ष्याची फडफड ऐकू यायची, मग शांतता, मग पुढची फडफड. किती वेळ गेला, देव जाणे.

ते बाहेर आले. "पाय धड आहेत. माना सरळ आहेत. धाप उन्हाची आहे, छपरावर झावळ्या टाका. ती गोळी रंगाची असते. कुठल्या पक्ष्याने लस प्यायली ते जीभ बघून कळावं म्हणून घालतात. तोच रंग विष्ठेत उतरलाय. आणि अम्मा, नुसत्या रंगावरून रोग ठरवता आला असता तर आम्ही नमुने कशाला तपासत बसलो असतो?"

"म्हणजे जगतील?" मामीने विचारलं.

"बाई, लस इतकी नीट दिलेली मी क्वचित बघतो. एकही जीभ सुटलेली नाही." मग माझ्याकडे बघून, "एकही नाही."

मी हळूच विचारलं, "मला काही होणार नाही ना?"

"नाही. लसीने डोळे चुरचुरले तर दाखवा. राणीखेतपासून मात्र आता निश्चिंत राहा."

कुंपणापलीकडे शेल्वम अण्णा एकेक कोंबडी खुराड्यातून काढून परत शेडमध्ये सोडत होते. प्रत्येक सोडताना माझ्याकडे एकदा बघत होते. ती नजर मी आजही विसरलेले नाही.

मामी डोळे पुसून डॉक्टरांना कॉफी आणायला वळली. "आता काही पथ्य?" तिने विचारलं.

"लस दिल्यावर पक्ष्यांना ताण सोसत नाही," ते स्कूटरकडे जात म्हणाले. "आरडाओरडा नको, धावपळ नको, उगाच कुणी त्यांना धरायला नको." स्कूटर सुरू केली, आणि मी समोर उभी असताना मामीला सांगितलं, "थोडक्यात, हिला दोन-चार दिवस शेडमध्ये सोडू नका."